काच कशाने फुटली

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या डिक्कीत डोकं घालून काम करत होतो. घाईने बाहेर आलो आणि झाकणाची कड कपाळात बसली. "तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहून द्या," ते म्हणाले. कपाळ चोळत मी म्हटलं, "साहेब, क्षेत्र कसलं आलंय, मी गाड्यांच्या काचा बसवतो." त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच. तुम्ही त्यातले तज्ज्ञ आहात."

तज्ज्ञ हा शब्द मला आयुष्यात दोनदाच कुणी लावला. दुसऱ्यांदा संपादकांनी. पहिल्यांदा लावला गेला तेव्हा एका पोराची होऊ घातलेली नोकरी जायची वेळ आली होती. म्हणून तेच लिहितो. संपादकांनी नंतर पस्तावू नये.

मी मूळचा बीडजवळच्या पालीचा. आमचं घराणं मेंढपाळांचं. वडील सकाळी मेंढरं सोडत आणि मला मागे लावून देत. संध्याकाळी मेंढरं आपसूक वाड्यावर यायची आणि मला शोधायला माणूस पाठवावा लागायचा. वडील म्हणायचे, "ह्यो मेंढरं राखीत न्हाई, मेंढरंच ह्याला राखत्यात." शेवटी कंटाळून त्यांनी मला बीडला एका उस्तादांच्या हाताखाली काचेच्या कामाला घातलं. काच निदान पळून जात नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडीच्या सगळ्या काचा सारख्याच. तसं नसतं. पुढची काच म्हणजे दोन काचा असतात, मध्ये चिकट पापुद्रा. दगड बसला तर तडा जातो, पण काच जागेवर राहते. मागची काच मात्र एकेरी. ती भट्टीत तापवून झटक्यात गार केलेली असते, त्यामुळे अंगात ताकद फार आणि मनात राग फार. मधोमध बुक्की मारा, काही होत नाही. पण सोसवेल त्यापलीकडे गेलं, की एका क्षणात सगळीच्या सगळी फुटते आणि तिचे हरभऱ्याएवढे दाणे होतात. हे दाणे सहसा हात कापत नाहीत, पण पुढची दोन वर्षं सीटखालून, चटईखालून, जेवणाच्या डब्यातून निघत राहतात. आष्टीच्या एका गिऱ्हाइकाने काचेवर 'आईचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं होतं. काच फुटल्यावर तो मला म्हणाला, "दाने फेकू नका, आईचं नाव हाय त्यात." मी ते पिशवीत भरून दिले. 'आई' कुठल्या दाण्यात आणि 'आशीर्वाद' कुठल्या, ते त्याचं तो बघेल.

आता माझ्या ज्ञानाबद्दल. मागच्या काचेवर तांबूस आडव्या रेषा असतात ना, त्या कशाला असतात असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी कित्येक वर्षं छातीठोक सांगत होतो, "त्या काचेच्या बरगड्या. त्यांनी काचेला मजबुती येते." एकदा भूगोलाच्या एका गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, त्या तारा आहेत. थंडीत काचेवर दव धरलं की तापवून घालवायला." मी मान डोलावली आणि म्हणालो, "त्या गाडीत तसंही असतं." म्हणजे हरलो तरी माघार नाही. हा स्वभाव लक्षात घ्या, म्हणजे पुढचं समजेल.

तलवाड्याच्या पुढे एका गावात आप्पा नावाचे मोठे शेतकरी आहेत. जमीन भरपूर, गावच्या राजकारणात दोन पिढ्या. एका सकाळी त्यांची पांढरी, उंच, जुन्या घडणीची गाडी माझ्या दुकानापुढे थांबली. मागची काच गेलेली. काचेला आतून काळी फिल्म लावलेली होती, म्हणून दाणे खाली सांडले नव्हते. सगळी काच भिजलेल्या गोधडीसारखी आत झोळ धरून लोंबत होती.

आप्पा उतरले. डोळे लाल.

"काका, एक इचारायचं हाय. तुमी ह्या कामातले तज्ज्ञ. ही काच कशानं फुटली, बगून सांगा."

मी हातातला पान्हा खाली ठेवला. शर्ट नीट केला. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकलो, डोळे बारीक केले, जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. डॉक्टर करतात तसं.

"आप्पा, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. तज्ज्ञ माणसाने आधी समोरच्याचं मत काढून घ्यावं, म्हणजे चुकायची भीती राहत नाही.

"वाटायचं काय त्यात? दगड हाय. आन् मारनाराबी म्हाईत हाय."

मारणारा म्हणजे संतोष, त्यांच्या चुलतभावाचा मुलगा. वडील वारलेले, आई कौसाबाई आणि हा, दोघंच घरात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो आप्पांच्या विरोधातल्या पॅनेलसाठी फिरला होता. आदल्या दिवशी आप्पा गाडी रानात बांधाखाली लावून विहिरीवर गेले. अर्ध्या तासाने आले तर काच फुटलेली, आणि त्याच वेळी संतोष मोटरसायकलवरून त्या वाटेने गेला होता. एवढंच.

"दगडच आहे," मी म्हणालो. आणि वर, कुणी विचारलं नसताना, "फेकलेला दगड. साधारण दहा-बारा हातांवरून."

हे दहा-बारा हात मी कुठून आणले, ते मला आजही सांगता येत नाही.

"मग हे लिवून द्या," आप्पा म्हणाले. "चौकीत अर्ज द्यायचाय. तुमच्या लिवन्याला वजन हाय."

इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याला कुणी वजन दिलं नव्हतं. बायकोने दिलेल्या सामानाच्या यादीलाही मी हात लावलेला तिला चालत नाही. मी दुकानाच्या नावाचा कागद काढला. पेन चालेना, म्हणून आप्पांनी स्वतःचं दिलं. 'सदर गाडीची मागील काच मी स्वतः तपासली असून ती बाहेरून फेकलेल्या दगडाने फुटल्याचे माझे ठाम मत आहे.' खाली सही. सहीखाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं. 'ठाम' हा शब्द मी पुन्हा एकदा गिरवलाही.

आप्पा दुसऱ्या गाडीने गेले. नवी काच संभाजीनगरहून दुसऱ्या दिवशी यायची होती. दुपारी बायको डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, जरा सावकाश, मधल्या जागा भरून. ती गाडीमागे गेली, काचेकडे बघत उभी राहिली.

"दगड कुठंय मग?" तिने विचारलं.

"कुठं म्हणजे? आत पडला असेल."

"आत कसा पडंल? कागद तर कुठंच फाटला न्हाई." ती फिल्मला कागद म्हणते.

मी बघितलं. खरंच, फिल्मला एवढंसंही भोक नव्हतं. दगडाने ती फाटली असती, निदान एका जागी खोचली असती. इथे तर मोठ्या उशीने रेटावं तशी काच पसरट आत दाबली गेली होती.

"मग बाहेर पडला असेल," मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली, आणि भाकरी वाढायला लागली. आमच्या घरात 'असंल' म्हणजे 'तुमची अक्कल मला माहीत आहे' असा अर्थ होतो.

जेवण काही गोड लागलं नाही. हात धुऊन मी काच काढायला घेतली. खालच्या बाजूचं रबर उचकटलं, तर रबर आणि पत्रा यांच्या फटीत काहीतरी काळं अडकलेलं. चिमटीत धरून ओढलं. लोकर होती. नाकाला लावली आणि मी पालीच्या माळावर जाऊन उभा राहिलो. तो वास मला झोपेतही कळेल. आणि त्याबरोबर सगळंच कळलं. मेंढ्याला पाण्यात, काचेत, कुठेही स्वतःचं रूप दिसलं की तो त्याला दुसरा मेंढा समजतो आणि टक्कर देतो. आमच्याकडच्या एका मेंढ्याने वडिलांच्या नव्या पेटीचा आरसा असाच फोडला होता. काळी फिल्म लावलेली काच म्हणजे आरसाच की. ज्याचं अर्धं बालपण मेंढरांत गेलं आणि उरलेलं आयुष्य काचेत, अशा माणसाने काचेला मेंढ्याने दिलेली टक्कर ओळखू नये, आणि लिहून काय द्यावं, तर दहा-बारा हातांवरून दगड!

आप्पांना फोन लावला. "आप्पा, जरा चूक झाली. तो दगड नसावा."

"काका, तुमी तर ठाम लिवलंय. अर्ज दिला बी. संतोषला बसवलंय चौकीत. आता तुमी काचेचं बगा."

"अहो, पण—"

फोन बंद.

आता लिहायला लाज वाटते ते लिहितो. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. मोटरसायकल दारात होती, टाकीत पेट्रोल होतं. मी गेलो नाही. मनाशी म्हटलं, उद्या काच येईल, ती बसवू, गाडी घेऊनच जाऊ, म्हणजे नीट समजावता येईल. खरं कारण वेगळं होतं. माझी सही केलेला कागद चौकीतल्या साहेबांच्या टेबलावर होता, आणि त्यासमोर उभं राहून 'मी मूर्ख आहे' म्हणायला मला एक दिवस हवा होता. तो दिवस संतोषने चौकीच्या बाकावर बसून काढला. संध्याकाळी घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या दिवशी काच आली. बसवली, आणि अपराधी मनाने इतकी पुसली, इतकी पुसली, की तिच्यात माझ्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. मग गाडी घेऊन निघालो.

चौकीच्या फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी. गाडी ओळखून ती पुढे आली.

"तुमीच का काचवाले?"

"हो, ताई."

"मी संतोषची आई. त्याचं पोलिसात भरतीचं व्हायलंय. पळन्यात निगाला, लेखीत निगाला. आता वर्तनुकीचा कागद तेवढा ऱ्हायलाय, तर ह्यो अर्ज." ती जराही आवाज न चढवता बोलत होती. "तुमी तवा तितं व्हताव का?"

"नाही."

"मग दगड कुनी बगितला?"

"कुणीच नाही."

"मग लिवलं कसं?"

गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, असं कधी झालं नव्हतं. खरं नसेल, पण उत्तर असायचं. त्या बाईपुढे मात्र मी खिशातली लोकर तेवढी चाचपली. आणि आत गेलो.

आत जमादार होते, बाकावर संतोष होता. चोवीस-पंचवीसचा, सडसडीत. माझ्याकडे त्याने एकदाच बघितलं. मी जमादारांना लोकर दाखवली आणि सगळं सांगितलं. ते हसले.

"काल दगड, आज मेंढा. उद्या हत्ती म्हनसाल."

"साहेब, जागेवर चला. दाखवतो."

आप्पांनाही बोलावणं गेलं. आम्ही सगळे, संतोष आणि त्याची आईही, त्यांच्या रानात पोचलो. तिथे शेतात खतासाठी मेंढरं बसवलेली होती, आणि ती बसवून घेतली होती खुद्द आप्पांनीच. कळपाचा मालक सुभाना नावाचा म्हातारा मेंढपाळ. मी त्याला बाजूला घेतलं.

"मामा, खरं सांगा. मेंढ्यानं काच फोडली ना?"

"न्हाई बा. आमचं जनावर लई गरीब." म्हाताऱ्याची नजर जमिनीवरून हलेना.

"मी पालीचा आहे. मेंढरांतच वाढलोय."

मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. त्याने नजर वर केली.

"म्हंजी तू, ज्याला हुडकाया मानसं धाडावं लागायची, त्यो?"

माझी कीर्ती तलवाड्याच्या पुढेही गेली होती तर. म्हातारा ओशाळं हसला. "म्या बगितलं व्हतं रं. पन बोललो असतो तर आप्पांनी रानातून हाकललं असतं. पुढं पाऊसकाळापत्तूर जायाचं कुटं? पोराचं आयकलं तवापास्नं भाकर गिळंना."

तो भीतीने गप्प बसला होता. मी कशाने बोललो होतो? तर पेन आप्पांनी दिलं म्हणून.

तेवढ्यात जमादारांनी शंका काढली. "मेंढा येवढ्या उंच काचेला टक्कर मारनारच कसा?"

"मारतो, साहेब. बघा." मी गाडी मागे घेतली आणि त्या दिवशी होती तशी बांधाखाली लावली. बांध कमरेच्या वर उंच. मी उतरून मागे उभा राहिलो आणि हात लांब करून दाखवायला लागलो. "ही बांधाची कड, ही काच. एका रेषेत आल्या की नाही? मेंढा वर उभा राहिला की काच बरोबर त्याच्या तोंडासमोर."

"पन काचेला कावून मारील?"

"त्याला आत दुसरा मेंढा दिसतो."

"कायबी सांगता राव."

मला परत स्फुरण चढलं. मेंढ्याची नजर, त्याचा स्वभाव, त्याचा अहंकार यावर मी बोलू लागलो. सुभाना मेंढ्याचं शिंग धरून बांधावर उभा होता. शिंगाच्या बुडाशी लोकरीत काचेचे दोन दाणे अजून चमकत होते, तेही मी सगळ्यांना दाखवलं. मी काय बोलतोय ते ऐकत सुभानाही मान डोलावत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा हात सैल पडला. मुद्दाम पडला का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मेंढ्याने समोर बघितलं. समोर एक तसलाच काळा, तसलाच शिंगाळ, उर्मट मेंढा त्याच्याकडे बघत होता. दोन पावलं मागे. मग धाडकन.

नव्या काचेला फिल्म नव्हती. ती पावसासारखी कोसळली. गाडीत, मातीत, माझ्या डोक्यावर, शर्टाच्या आत. मेंढा तिथेच उभा राहून, समोरचा गडी गेला कुठे म्हणून मान वाकडी करून बघत राहिला.

मी कानामागचा एक दाणा काढला.

आप्पांनी पुढे होऊन त्या मोकळ्या चौकटीत डोकावलं. मग म्हणाले, "माज्याच रानात. माज्याच खताला बसवलेला." ते हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. मान खाली घालून त्यांनी जमादारांपुढे हात केला. "अर्ज द्या हिकडं." जमादारांनी खिशातून कागद काढून दिले. त्यांत माझी चिठ्ठीही होती. आप्पांनी अर्ज फाडला आणि चिठ्ठी संतोषकडे दिली. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. सुभानाला मात्र जाता जाता म्हणाले, "मेंढरं ऱ्हाऊ दे. तेवढा ह्याला बांधून ठिव."

मी संतोषकडे वळलो. काय बोलायचं ते मी मनात जुळवलं होतं. तो माझ्या अंगावरून पुढे गेला, आईच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं चालत गावाकडे गेले. जेवणाचा डबा तसाच भरलेला होता.

एकाच गाडीची मागची काच आठ दिवसांत दोनदा बसवायचा मान जिल्ह्यात बहुतेक माझाच असेल. ही दुसरी काच बसवत होतो त्या दिवशी दुकानात मी एकटाच होतो. आणि अशी रबरात बसणारी काच एकट्याने बसत नाही. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत एक दोरी फिरवायची, दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची. मग एकाने बाहेरून तळव्यांनी काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावरून उलटून आत येते. एरवी शेजारचा पंक्चरवाला दोरी ओढायला येतो. त्या दिवशी तो लग्नाला गेला होता. मी दोन्ही हातांनी काच चौकटीला दाबून धरली आणि मग लक्षात आलं, की दोरी आत आहे आणि मी बाहेर. सोडली तर काच पडते, धरली तर काम होत नाही. गाडीला मिठी मारल्यासारखा मी भर रस्त्यावर उभा.

तेवढ्यात मागे मोटरसायकल थांबली. काचेत बघितलं, संतोष होता.

"आईनं पाठवलंय," तो म्हणाला. "तुमचा कागद तुमाला परत द्यायला सांगितलाय. हातात दे म्हनली."

माझे दोन्ही हात काचेवर. त्याने थोडा वेळ वाट बघितली. मग कागद माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात खोचला. 'ठाम' हा शब्द नेमका बाहेर डोकावत होता.

मला माफी मागायची होती. पण काचेकडे तोंड करून माफी कशी मागतात, ते मला ठाऊक नव्हतं. "संतोष," एवढंच मी म्हटलं.

त्याने गाडीचं दार उघडलं, मागच्या सीटवर गुडघे टेकून बसला आणि दोरीचं टोक हातात घेतलं. काचेच्या पलीकडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो ओढायला लागला, सावकाश, एकसारखं. जिथे दोरी येईल तिथे मी बाहेरून तळवा दाबत गेलो. त्याचा हात आणि माझा हात काचेच्या दोन बाजूंनी एकाच वेगाने फिरत होते. रबर कुरकुरत आत बसत गेलं. दोरी निघाली.

तो खाली उतरला. मी दोन पावलं मागे सरलो, कमरेवर हात ठेवले, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "बसली. एकदम बरोबर."

संतोष गाडीकडे बघत होता.

"काका, खालचा डावा कोपरा ऱ्हायलाय."

मी चष्मा काढून पुसला, वाकलो, नीट बघितलं. राहिला होता.